मगर दिसत नाही

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. सहावीच्या वर्गात माकड आणि मगर यांची जुनी गोष्ट सांगायला घेतली की दरवर्षी एकच गोंधळ होतो. आमच्या मुलांच्या कानाला ‘मगर’ म्हणजे ‘पण’. ‘नदीत एक मगर राहत होती’ हे वाक्य फळ्यावर आलं की कोणीतरी विचारतंच, ‘टीचर, नदीत ‘पण’ कसा राहील?’ मग मी सांगते की उर्दूतला मगरमच्छ मराठीत येताना मागचा ‘मच्छ’ वाटेत टाकून येतो. मागच्या वर्षी एका मुलीने लगेच स्वतःचं वाक्य तयार केलं : ‘पानी में मगर है, मगर दिखता नहीं.’ मी तिला पूर्ण गुण दिले. व्याकरणासाठी दिलेच, पण त्या वाक्यात मगरीबद्दलची सर्वांत कामाची माहिती आहे, म्हणूनही दिले.

दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला अशा गंमती सापडत राहतात. उर्दू-हिंदीत म्हणतात, पाण्यात राहून मगरीशी वैर करू नये. मराठीत तीच म्हण आहे, पण मगरीच्या जागी मासा आहे. असं का झालं, कोण जाणे. मराठीने मगरीसाठी वेगळी म्हण राखून ठेवली : सुसरबाई, तुझी पाठ मऊ. जिच्याकडून जिवाला धोका तिची खुशामत करायची! म्हण ऐकून मुलं हसतात. पण सुट्टीत याच मुलांपैकी कितीतरी जण मगरीच्या नदीवर जातात आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीत नसतं.

पिंपरी-चिंचवडमध्ये मूळचा म्हणावा असा माणूस शोधावाच लागतो. चाकण, भोसरी, तळवडे इथल्या कारखान्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. माझ्या वर्गात सांगली-मिरजेची मुलं आहेत, चिपळूण-महाडची आहेत, सोलापूर, लातूर, बीडची आहेत, काही बेळगावकडची आहेत. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी लागली की वल्लभनगरचा एसटी स्टँड पिशव्या आणि बोचक्यांनी भरून जातो. ही मुलं शहरात वाढलेली. बिबट्याबद्दल विचारा, घडाघडा सांगतील. खेड-जुन्नरचा ऊस जवळ आहे आणि २०२२च्या मार्चमध्ये चाकणच्या एका मोटार कारखान्यातच बिबट्या शिरला होता, तेव्हा घराघरात त्याचे व्हिडिओ फिरले. अंधारात एकटं जाऊ नये, वाकून बसू नये, हे त्यांना पाठ आहे. मगरीबद्दल त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही, कारण इथे पवनेच्या किंवा इंद्रायणीच्या काठावर तिची भीती बाळगायची वेळ येत नाही. आमच्या पोरांनी मगर पाहिली असेल तर पिंजऱ्यातली, आणि तीही दगडासारखी निश्चल. ‘टीचर, ती खरी होती का?’ असं विचारतात.

माझं सासर सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठी. लग्न होऊन गेले त्या वर्षी हिवाळ्यात सासूबाईंनी मला मळीच्या रानात नेलं. मळी म्हणजे नदीला लागून असलेलं गाळाचं शेत. पलीकडच्या काठावर एक लांबट राखाडी ओंडका पडला होता. पुराने आणून टाकलेला असेल, असं मला वाटलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त माझा हात धरला आणि आम्ही उभ्या राहिलो. बऱ्याच वेळाने त्या ओंडक्याने तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. मग जराही आवाज न करता तो पाण्यात सरकला. पाण्यावर एक वळी उठली, विरली, आणि नदी पुन्हा होती तशी दिसू लागली. मला भीती वाटली ती त्यानंतरच्या पाण्याची. ओंडका दिसत होता तोवर मी निर्धास्त होते.

ते तोंड रागाने उघडलेलं नसतं, हे मला पुढे कळलं. मगर थंड रक्ताची. अंगातली उष्णता तिला बाहेरून घ्यावी लागते, म्हणून थंडीच्या दिवसांत ती सकाळी काठावर येऊन ऊन खाते. अंग जास्त तापलं की तोंड उघडून ठेवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ती सर्वांत जास्त दिसते, आणि आपल्या दिवाळीच्या सुट्ट्या, लग्नाचे मुहूर्त, सहली याच दिवसांत येतात.

आपल्या नद्यांतल्या या मगरीला इंग्रजीत ‘मगर’च म्हणतात, उच्चार तेवढा वेगळा. तोंड रुंद, बोथट. लांब, चिंचोळ्या तोंडाची सुसर निराळी. ती उत्तरेकडच्या नद्यांत असते आणि माशांवर जगते. पण आपल्याकडे बोलताना मगर-सुसर एकच होऊन जातात. पूर्ण वाढलेली मगर तीन-चार मीटरची असते, क्वचित त्याहून मोठी. मासे, कासवं, पाखरं, काठावर आलेलं कुत्रं किंवा करडू हे तिचं खाणं. माणूस तिच्या यादीत नेहमीचा नाही. मात्र पाण्याच्या कडेला वाकलेलं किंवा कमरेएवढ्या पाण्यात हलणारं शरीर माणसाचं आहे की करडाचं, हा विचार करत ती थांबत नाही. चामड्यासाठी मगरी इतक्या मारल्या गेल्या की १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांना पहिल्या अनुसूचीत घालावं लागलं आणि १९७५पासून देशभर त्यांना वाचवण्याचा प्रकल्प सुरू झाला. मद्रासजवळची मगरींची प्रसिद्ध बँक त्याच्या पुढच्याच वर्षीची.

त्याच बँकेतलं एक निरीक्षण मी वर्गात हमखास सांगते. पाखरं घरटी बांधायच्या दिवसांत मगर तोंडावर काटक्या घेऊन पाण्यात पडून राहते. घरट्यासाठी काडी शोधणारा बगळा ती उचलायला येतो. हे २०१३ साली शास्त्रज्ञांनी नोंदवून प्रसिद्ध केलं. काडीवर बगळा येतो, मग सेल्फीवर कोण येत असेल, असं मी विचारते. वर्ग गप्प होतो.

आमचे थोरले दीर, म्हणजे मुलांचे बडे अब्बा, या नदीवर ऊस भिजवत म्हातारे झाले. त्यांच्याकडून जे शिकले ते मी कुठल्या पुस्तकातून शिकले नसते. ते नदीचं वर्ष सांगतात. थंडीत मगर उन्हाला. फेब्रुवारी-मार्चपासून मादी काठावरच्या वाळूत किंवा मातीत खड्डा करते, पंचवीस-तीस अंडी घालते आणि राखण करते. त्या दिवसांत मळीत बिनकामाचं फिरायचं नाही. एरवी माणूस दिसला की पाण्यात जाणारी मादी तेव्हा उलट अंगावर येते. साधारण दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्लं अंड्यातून आवाज देतात. आई खड्डा उकरते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते. ज्या जबड्याची आपण धास्ती घेतो त्याच जबड्यात! मे महिन्यात नदी आटते, डोहांपुरतं पाणी राहतं, आणि जनावरं, माणसं, मगरी सगळे त्याच डोहांवर येतात. ‘मे महिना लई वंगाळ,’ ते म्हणतात. ‘पाणी कमी, उन्हाचा कहार, आणि पाव्हण्यांची पोरं घरात.’

पाव्हण्यांची पोरं म्हणजे आमचीच. एका मे महिन्यात माझी दोन मुलं आणि नणंदेची तीन, टॉवेल खांद्यावर टाकून निघाली. अंगणात पाय सोडून बसलेल्या सासूबाईंनी हाक मारली, ‘नद्दी में मत उतरो रे!’ मोठ्याने उत्तर दिलं, ‘दादी, अल्लाह मालिक आहे.’ गोठ्यातून बडे अब्बा बाहेर आले. ‘अल्लाह मालिक आहेच,’ ते म्हणाले, ‘पण अक्कलबी त्यानंच दिलीया. वनखात्यानं घाटावर पाटी लावलीया ती वाचून या, मग बोलू.’ मुलं पाटी वाचून परत आली आणि विहिरीवर बादलीने आंघोळ केली. मोठा दिवसभर फुगून बसला होता. ‘आपल्या वेळी तुम्ही पोहत पलीकडे जात होता ना?’ असं त्याने संध्याकाळी विचारलं. बडे अब्बांनी ते नाकारलं नाही. त्यांच्या लहानपणी पोरं खरंच पोहून पैलतीरी जात, मगर एखादी दिसायची, तीही लांब. आता वर्षाआड काहीतरी कानावर येतं.

असं का झालं, यावर गावात बसलं तर दहा उत्तरं मिळतात. मगरी वाढल्या, हे एक. पण काठावरची वाळू उपसून नेली आणि अंडी घालायच्या, उन्हाला बसायच्या जागा संपल्या, हेही खरं. मळीचं आणि सांडपाणी सुटलं की माशांचा खच पडतो, तो सांगलीकरांनी पाहिला आहे. ऊस अगदी पाण्यापर्यंत आला. बडे अब्बा स्वतः ऊसवाले, तरी ते हे कबूल करतात. मगरीची जागा आकसली आणि तिच्या समोर माणूस जास्त वेळा येऊ लागला.

समोर येतो तो कोण, हे मात्र आपण शहरातली माणसं लक्षात घेत नाही. २०१९च्या उन्हाळ्यात सांगलीजवळच्या मौजे डिग्रजला नदीवर गेलेल्या एका शाळकरी वयाच्या मुलाला मगरीने ओढून नेलं. माझ्या वर्गातल्या मुलांएवढाच तो. भारतात कुठेही मगरीने माणसाला धरल्याची बातमी वाचा : कोणी आंघोळीला गेलेलं असतं, कोणी कपडे धुवायला, कोणी म्हशी धुवायला, कोणी जाळं टाकायला. ज्यांच्या घरात नळ आहे ती माणसं त्या बातम्यांत फार कमी असतात. गावच्या माणसाला नदीवर जावंच लागतं. म्हणून तो नजर ठेवतो, वेळ पाळतो, एकटा जात नाही. पाहुण्याला मात्र नदीवर जायची काही गरज नसते. तो मजेसाठी जातो, आणि त्याला तिथलं काही ठाऊक नसतं. हौस आणि अज्ञान एकत्र आलं की काय होतं, ते दाखवायला मगरीचीही गरज नाही. ३० जून २०२४ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. तो व्हिडिओ मी पूर्ण पाहू शकले नाही. पुढच्याच वर्षी, १५ जूनला, आपल्या इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीसह कोसळला आणि चार जण गेले. मगर असलेली नदी याच नद्यांसारखी दिसते. तशीच हिरवी, तशीच संथ, काठावर तशाच टपऱ्या.

म्हणून सुट्टीच्या आधीच्या पालक सभेत अभ्यासाचं बोलून झालं की मी एक प्रश्न शिकवते. नव्या गावी पाण्याजवळ जायच्या आधी तिथल्या माणसाला विचारायचं : इथे पाण्यात काय आहे? हॉटेलवाल्याला किंवा रिक्षावाल्याला विचारून फार उपयोग नाही. कोळ्याला विचारा, मोटर चालू करायला आलेल्या शेतकऱ्याला विचारा, धुणं घेऊन आलेल्या बाईला विचारा. ती बाई पाण्यात न उतरता बादलीने पाणी वर काढून धूत असेल, तर तेच उत्तर समजा. पाटी दिसली नाही म्हणून मगर नाही असं होत नाही. पाट्या पुरात वाहून जातात, गंजतात, कधी कोणी पत्र्यासाठी काढून नेतं.

मगर असल्याचं कळलं तर काठावर जाऊच नये, असं मी म्हणत नाही. सांगलीला जाऊन कृष्णा न पाहता परतायचं म्हणजे काय? आयर्विन पुलावरून पाहा, बांधलेल्या उंच घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरून पाहा. पाण्याच्या कडेला, उतारावर, चिखलात उभं राहायचं नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या, आपल्या मगरीपेक्षा खूप मोठ्या मगरी आहेत. तिथलं सरकार गळ टाकणाऱ्याला कडेपासून निदान पाच मीटर मागे थांबायला आणि तंबू पाण्यापासून पन्नास मीटर दूर लावायला सांगतं. पाच मीटर म्हणजे आपल्या बैठकीच्या खोलीची लांबी. तेवढं अंतर ठेवायला कोणाचं काही बिघडत नाही. मगर पाण्यातून झेप घेते ती पहिल्या एक-दोन क्षणांची. ते क्षण चुकले की तिचा डाव फसतो.

रोज एकाच ठिकाणी, एकाच वेळी पाण्यावर जाणं हेही धोक्याचं, कारण ती पाहत असते. आठवडाभराच्या मुक्कामात मुलांना ‘आपला दगड’, ‘आपली पायरी’ सापडते आणि ती रोज तिथेच जातात. दिवस मावळल्यावर आणि पहाटे तर पाण्याकडे फिरकायचंच नाही. शिकारीची तीच वेळ. रात्री बॅटरी मारली तर मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. गावातली पोरं ते उंचावरून पाहतात आणि आमच्या शहरी पोरांना दाखवून घाबरवतात. ती करमणूक मला चालते, बांधावरूनच होणार असेल तर. वजूसाठी, हात धुवायला, भांडं विसळायला वाटेत नदीवर गाडी थांबवायची आपल्याला सवय असते. प्रवासाला निघताना पाण्याचा एक कॅन डिकीत जास्त ठेवला की हा प्रश्न मिटतो. मासे, मटण काठावर साफ करायचं नाही आणि उरलंसुरलं पाण्यात टाकायचं नाही.

यावरून एक गोष्ट घरातल्या माणसांना सांगावी तशी सांगते. बकरी ईदला काही गावांत आतडी-कोथळा पोत्यात घालून नदीत सोडतात. कोंबडीची दुकानं तर वर्षभर तेच करतात. पाणी खराब होतं ते वेगळं, पण त्या जागी मगर येऊ लागते आणि तिथेच दुसऱ्या दिवशी कोणाची तरी लेक कपडे धुवायला बसते. खड्डा करून पुरणं किंवा पालिकेच्या गाडीत देणं एवढं अवघड नाही.

खाऊ घातलेल्या मगरींच्या कहाण्या आपल्याकडे फार प्रेमाने सांगतात. कराचीच्या मंघोपीर दर्ग्याच्या तळ्यातल्या मगरींना लोक पिढ्यानपिढ्या गोश्त खाऊ घालतात. केरळात कासरगोडच्या अनंतपुरा मंदिराच्या तळ्यात ‘बाबिया’ नावाची मगर होती, ती प्रसादाचा भात खायची म्हणत. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये ती मेली तेव्हा दर्शनाला रीघ लागली. श्रद्धेवर मला काही बोलायचं नाही. मात्र त्या तळ्यांतल्या मगरींना माणसाच्या हातून खायची सवय होती. कृष्णेतल्या किंवा वाशिष्ठीतल्या मगरीला तसं वळण लावायला गेलात तर ती एवढंच शिकते की माणूस आला म्हणजे खाणं आलं.

वाशिष्ठीचं नाव घेतलं तर चिपळूण आलंच. आमच्या शाळेतल्या एका बाईंचं माहेर तिकडचं. त्या गोवळकोटच्या बाजूची खाडी अशी वर्णन करून सांगतात की मी दोनदा गेले. तिथे मगरी दाखवायला होड्या नेतात आणि पाहण्यासारखं आहेच. ओहोटी लागली की तिवराच्या झाडीपुढचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर मगरी येऊन पडतात. ओहोटीची वेळ होडीवाल्याला विचारून निघायचं, सकाळची असेल तर उत्तम. होडीत अंगात जॅकेट, हात आत, मूल मांडीवर. फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला जायचं नाही. होडीवाला ‘जवळ नेऊ का?’ म्हणाला तर नको म्हणायचं. आमच्या होडीतल्या एका गृहस्थांनी पाण्यात हात घालून नातवाला ‘बघ, किती गार’ म्हणून दाखवलं. होडीवाला म्हातारा होता. त्याने वल्हं थांबवलं आणि हात आत जाईपर्यंत होडी पुढे नेली नाही. एक शब्द बोलला नाही. मला तो फार आवडला.

पावसाळ्यात हे सगळं गणित उलटं होतं. एरवी आपण मगरीकडे जातो, पुरात ती आपल्याकडे येते. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, ते आपण विसरलेलो नाही. २०२४च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तिथल्या चिंचनाका भागात भर रस्त्यावरून, गाड्यांच्या दिव्यांच्या उजेडात एक मगर शांतपणे चालत गेली. तो व्हिडिओ देशभर पाहिला गेला. २०१९च्या ऑगस्टच्या पुरात बेळगाव जिल्ह्यात, रायबाग तालुक्यात, एक मगर बुडालेल्या घराच्या छपरावर जाऊन बसली होती. ती तिथे शिकारीला गेली नव्हती. वाहत्या लोंढ्यातून माणसांसारखीच आसऱ्याला चढली होती. पूर ओसरल्यावर खरी काळजी घ्यायची. ओढे, गटारं, शेतातली डबकी, उसाचे फड, घराचं मागचं आवार इथे ती अडकून राहते. पुरानंतर घर धुवायला गेलेल्या नातेवाइकांना मदत करायला आपल्यातले बरेच जण धावतात, अन्नाची पाकिटं घेऊन जातात. त्यांनी गुडघाभर गढूळ पाण्यात हातात काठी घेऊन, ती पुढे टेकवत चालावं. सापासाठीही तेच लागतं.

रस्त्यात किंवा आवारात मगर दिसली तर पहिलं काम गर्दी मागे नेण्याचं. दगड मारायचा नाही, दोर टाकून मर्दुमकी करायची नाही. तिला त्रास देणं, पकडणं हा गुन्हा आहेच, शिवाय घेरलेली मगर शेपटीनेही माणूस पाडते. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक मोबाइलमध्ये असू द्या. तो लागला नाही तर ११२. पळायची वेळ आली तर सरळ पळायचं, पाण्यापासून दूर. नागमोडी पळा म्हणजे मगर वळू शकत नाही, हा सल्ला प्रत्येक उन्हाळ्यात फिरतो आणि तो चुकीचा आहे. जमिनीवर ती थोडंच अंतर धावते. नागमोडी पळणारा तेवढ्यात तिच्यापासून लांब जातच नाही.

धरलंच तर? हा प्रश्न मुलं विचारतातच, आणि टाळण्यात अर्थ नाही. मगर ओढून खोल पाण्यात नेते आणि स्वतःभोवती गिरक्या घेते. त्यामुळे जे करायचं ते त्याच क्षणी, सगळा जोर लावून. डोळ्यांत बोटं, काठी, हाताला येईल ते खुपसायचं, नाकाडावर मारायचं. जबडा मिटायची तिची ताकद प्रचंड असते, म्हणून तो हातांनी उघडायच्या नादात वेळ घालवायचा नाही. काठावरच्यांनी मागे उडी मारायची नाही. दोर, बांबू, ओढणी, साडी फेकायची, आरडाओरडा करायचा, दगड पाण्यावर मारायचे. सुटलेल्या माणसाच्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि १०८ला फोन लावायचा. हळद, चुना, कॉफी भरत बसायचं नाही. जखम लहान दिसली तरी दवाखाना चुकवायचा नाही. दातांच्या भोकांतून आत घाण जाते आणि ती दोन दिवसांनी चिघळते. धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं.

बडे अब्बांना मी हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. ‘पाव्हण्यांचं लिवलंस, बेस केलंस. आमचंबी लिव.’ त्यांची मोटर आता मोबाइलवरून चालू-बंद होते. भाच्याने बसवून दिली. त्यामुळे रात्री-अपरात्री वीज आली तरी नदीवर जावं लागत नाही. पण पाण्यातला फुटव्हॉल्व, ज्याला तिकडे सगळे ‘फुटबॉल’ म्हणतात, त्यात शेवाळ आणि पालापाचोळा अडकतो, आणि तो काढायला अजून माणूसच पाण्यात उतरतो. मागच्या मार्चमध्ये त्यांच्याबरोबर मी काठावर होते. आधी ते अर्धा तास बांधावर नुसते बसून राहिले, पाण्याकडे बघत. मग पुतण्या लांब बांबू घेऊन डाव्या बाजूला उभा राहिला, दुसरा उजव्या बाजूला दगड घेऊन. सालगड्याला त्यांनी उतरू दिलं नाही. ‘त्याची पोरं लहान हायेत,’ म्हणाले. कमरेला दोर बांधून ते स्वतः उतरले. दोराचं दुसरं टोक माझ्या आणि थोरल्या जाऊबाईंच्या हातात होतं. तीन-चार मिनिटांचं काम. जाऊबाई तेवढा वेळ ओठ हलवत आयतुल कुर्सी पढत होत्या, आणि दोर त्यांनी मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता.